छतावरील सौर वीज : संच बेताचा, हिशेब वर्षाचा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवते. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, तणनियंत्रण हे माझे विषय. तरीही आज मी विजेवर बोलणार आहे, त्याला कारण आहे. गेल्या दोन वर्षांत शिवारफेरीला गेले की बांधावर खतापेक्षा सोलरचाच प्रश्न जास्त विचारला जातो. "मॅडम, घरावर सोलर बसवावे का? किती किलोवॉटचे? उरलेली वीज कंपनी विकत घेते म्हणतात, मग मोठेच बसवले तर महिन्याला पैसे येतील का?"

या प्रश्नांचे उत्तर मला माझ्याच विषयात सापडले. उसाला युरियाची पहिली गोणी दिली की पीक चांगले उचल घेते. दुसरीनेही उत्पन्न वाढते, पण पहिलीइतके नाही. गरजेपेक्षा जास्त दिलेल्या गोणीचा खर्चही निघत नाही, उलट पीक लोळते. याला आपण घटत्या उत्पादन फलाचा नियम म्हणतो. घरावरच्या सौर संचालाही हाच नियम लागू आहे. पहिला किलोवॉट सर्वांत जास्त पैसे वाचवतो, दुसरा त्याहून थोडे कमी, आणि गरजेपेक्षा जास्त घेतलेला किलोवॉट स्वतःची किंमत फेडायला फार वर्षे लावतो. आजचे माझे सांगणे एवढेच आहे. बाकी सर्व त्याचा तपशील समजावा.

वीज मोजली कशी जाते

छतावर पॅनेल बसवली की दिवसा तयार होणारी वीज आधी घरातच वापरली जाते. उरलेली वीज तारेतून बाहेर जाते. रात्री किंवा ढगाळ दिवशी आपण पुन्हा तारेतून वीज घेतो. या येण्या-जाण्याची नोंद ठेवण्यासाठी जुन्या मीटरच्या जागी दोन्ही बाजूंनी मोजणारा नेट मीटर बसवतात. बाहेरून घेतलेली वीज ती आयात आणि बाहेर दिलेली ती निर्यात. आयात जास्त झाली तर फरकाच्या युनिटचे बिल येते. निर्यात जास्त झाली तर फरकाचे युनिट आपल्या नावावर जमा राहून पुढच्या महिन्यात वळते होतात. स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावाच लागतो. 'बिल शून्य' असे कोणी सांगितले तर एवढी दुरुस्ती मनात करून घ्यावी.

आता मुद्दा येतो शिल्लक युनिटचा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे हा जमाखर्च आर्थिक वर्षाचा असतो. ३१ मार्चला जे युनिट वळते व्हायचे राहिले असतील ते वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला आपली पाटी पुन्हा कोरी होते. हा खरेदीचा दर आपण वरच्या टप्प्यातील विजेसाठी जे मोजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणजे सुगीत पडत्या भावाने ज्वारी विकायची आणि पोळ्याला चढ्या भावाने विकत आणायची, तसा हा व्यवहार आहे. घरी खाल्लेल्या ज्वारीचे मोल जास्त, विकलेल्या ज्वारीचे कमी.

एकाच युनिटच्या तीन किमती

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढचे आणखी महाग. आपल्या बिलात वीज आकार आणि वहन आकार असे दोन्ही आकडे असतात, त्यांची बेरीज करावी. समजायला सोपे जावे म्हणून मी गोल आकडे धरते : पहिले १०० युनिट ६ रुपयांनी, पुढचे ११ रुपयांनी आणि ३१ मार्चला विकले जाणारे ३ रुपयांनी. तुम्ही स्वतःच्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशेब करावा.

एका घराचा वापर महिन्याला २५० युनिट, म्हणजे वर्षाला ३,००० युनिट आहे असे समजू. त्यांपैकी १,२०० युनिट स्वस्त टप्प्यातले आणि १,८०० महाग टप्प्यातले. त्यांचे वर्षाचे बिल सुमारे २७,००० रुपये होते. आपल्याकडे १ किलोवॉटचा संच सरासरी दिवसाला ४ युनिट, म्हणजे वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो.

पहिला किलोवॉट : त्याचे सर्व १,४०० युनिट महाग टप्प्यातून कमी होतात. बचत १५,४०० रुपये.

दुसरा किलोवॉट : महाग टप्प्यातले ४०० युनिट उरले आहेत ते आणि स्वस्त टप्प्यातले १,००० युनिट तो भरून काढतो. बचत १०,४०० रुपये.

तिसरा किलोवॉट : घरात आता फक्त २०० युनिटची गरज उरली आहे. बाकीचे १,२०० युनिट ३१ मार्चला ३ रुपयांनी जातात. मिळकत ४,८०० रुपये.

तीनही किलोवॉटवर ऊन सारखेच पडते आणि वीजही तेवढीच तयार होते, पण पदरात पडणारे पैसे १५, १० आणि ५ हजार.

आता खर्चाची बाजू पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. एकूण मर्यादा ७८,००० रुपये. ३ किलोवॉटच्या पुढे अनुदान वाढत नाही. संचाची किंमत १ किलोवॉटला ६५,०००, दोनला १,२०,००० आणि तीनला १,८०,००० रुपये धरली, तर अनुदान वजा जाता खिशातले अनुक्रमे ३५,०००, ६०,००० आणि १,०२,००० रुपये जातात. पहिला किलोवॉट सव्वादोन-अडीच वर्षांत फिटतो. दुसऱ्यासाठी जादा घातलेले २५,००० रुपयेही जवळपास तेवढ्याच काळात परत येतात. तिसऱ्यासाठी जादा घातलेले ४२,००० रुपये परत यायला पावणेनऊ वर्षे लागतात. चौथा घेतला तर अनुदान नाही आणि त्याची सगळी वीज ३ रुपयांची. त्याचे गणित तुम्हीच मांडून पाहा.

पुरवठादार आपल्याला पूर्ण संचाची सरासरी सांगतो. "तीन किलोवॉट साडेतीन वर्षांत फिटतो," हे त्याचे म्हणणे खोटे नसते. पण त्या सरासरीत पहिल्या दोन किलोवॉटांनी तिसऱ्याला खांद्यावर घेतलेले असते.

अनुदानाचा मोह

ही चूक दुसऱ्याच्या घरची म्हणून सांगत नाही. २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या माहेरी संच बसवला. घरात आई आणि आप्पा दोघेच, वापर महिन्याला १२०-१३० युनिट. त्यांना १ किलोवॉट पुरेसा होता. पण पुरवठादार म्हणाला, "पूर्ण ७८ हजार मिळतायत, ते सोडायचे कशाला?" मलाही ते पटले. ३ किलोवॉट बसवले. पाच महिन्यांत सुमारे १,७०० युनिट तयार झाले, घरात ६००-६५० लागले. मार्चअखेर हजारावर युनिट शिल्लक राहिले आणि त्यांचे तीन-सव्वातीन हजार रुपये झाले. आप्पांनी बिल पाहून एवढेच म्हटले, "अनुदान मोठं म्हणून मोठा ट्रॅक्टर घेतला, आणि रान दोन एकर."

त्या वाक्यात सगळे आले. अनुदान ही खर्चातली सूट आहे, ती मिळकत नाही. जास्त अनुदान मिळवण्यासाठी आपल्याला स्वतःचेही जास्त पैसे घालावे लागतात.

संच बसून गेला होता, तेव्हा पुढच्या वर्षी आम्ही वापराची बाजू बदलली. स्वयंपाकाला इंडक्शन शेगडी आणली, घरची छोटी आटाचक्की घेतली, पाणी तापवायला चुलीऐवजी गीझर लावला. गॅसचे सिलिंडर दीडपट दिवस पुरू लागले आणि आईचा धूर गेला. ज्यांचा संच आधीच मोठा बसला आहे त्यांना हाच मार्ग आहे. युनिट ३ रुपयांनी देण्याऐवजी ज्या कामाला आज गॅस, सरपण किंवा गिरणीचे पैसे जातात तिकडे ते वळवावेत.

३१ मार्च ही तारीख ध्यानात ठेवा

विजेचे वर्ष आणि उन्हाचे वर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, पण पंखे आणि कूलरही चालू. जून ते सप्टेंबर ढगांमुळे उत्पादन घटते. जुलै-ऑगस्टमध्ये ते उन्हाळ्याच्या निम्म्याजवळ येऊ शकते. ऑक्टोबरपासून आकाश निवळते आणि पंखे बंद होतात, म्हणून ऑक्टोबर ते मार्च युनिट साठत जातात. आणि नेमके उन्हाळ्याचा वापर सुरू होण्याच्या तोंडावर ३१ मार्चला ते निकाली निघतात. ज्या एप्रिल-मेमध्ये ते युनिट कामाला आले असते त्या महिन्यांपर्यंत ते पोहोचतच नाहीत.

यावरून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, संच वर्षाच्या वापराच्या ८० ते ९० टक्के वीज देईल एवढाच घ्यावा. शंभर टक्क्यांच्या मागे लागू नये. राहिलेले थोडे युनिट स्वस्त टप्प्यातले असतात, त्यांचे बिल भरायला जड जात नाही. दुसरी, जानेवारीच्या बिलावर शिल्लक युनिट पाहावेत. साठा मोठा दिसला तर जानेवारी ते मार्च गॅसऐवजी विजेवर स्वयंपाक करावा, उन्हाळ्याची दळणे-कांडपे त्याच काळात उरकावीत.

आपल्याला किती किलोवॉट लागेल

यासाठी इंजिनिअर लागत नाही. मागच्या १२ महिन्यांची बिले काढा आणि युनिटची बेरीज करा. एका महिन्यावरून अंदाज बांधू नका. मे महिन्याचे बिल दाखवून मोठा संच गळ्यात मारला जातो. बेरजेला १,४०० ने भागा. ३,००० युनिटला उत्तर २.१ येते, म्हणून २ किलोवॉट. १,८०० युनिटला १.३ येते, म्हणून १ किलोवॉट, फार तर सव्वा.

पुढच्या दोन-तीन वर्षांत घरात काय वाढणार आहे तेही धरावे. मुलाचे लग्न, वरचा मजला, विजेवरची दुचाकी, फ्रीज. जे नक्की येणार आहे तेवढेच धरा. घराच्या गरजेतून ३ किलोवॉट निघत असतील तर ते जरूर घ्या. माझा विरोध ३ या आकड्याला नाही, गरज नसताना तो घेण्याला आहे. ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत आहे त्यांनी १ किलोवॉटच्या पुढे जाऊ नये. अशा कुटुंबांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये केंद्राच्या अनुदानावर जादा अनुदान देणारी 'स्मार्ट' योजना आणली. आपण तिच्यात बसतो का, हे वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात विचारावे.

नेट मीटर असताना दुपारी वीज वापरली काय आणि रात्री वापरली काय, वर्षाच्या हिशेबात फारसा फरक पडत नव्हता. आता घरोघर वेळेची नोंद ठेवणारे टीओडी मीटर येत आहेत. १ जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर दरात सवलत लागू झाली. याचा अर्थ दुपारच्या युनिटची किंमत रात्रीच्या युनिटपेक्षा कमी धरली जाऊ लागली आहे. म्हणून टाकीत पाणी चढवणे, कपडे धुण्याचे यंत्र, दळण, इस्त्री ही कामे ऊन असताना करण्याची सवय आतापासूनच लावावी.

जागा, सावली आणि धूळ

१ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि उतार १५ ते २० अंश. कौलारू किंवा जुन्या पत्र्याच्या घराला आधी आढे-वासे तपासून घ्यावेत. गोठ्याचा मजबूत लोखंडी सांगाडा कधी कधी घरापेक्षा सोयीचा पडतो. मात्र वायर जितकी लांब तितकी वीज वाया जाते.

सर्वांत मोठा शत्रू सावली. पॅनेल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात, म्हणून एकावर नारळाच्या झावळीची सावली पडली तरी तिचा फटका पूर्ण माळेला बसू शकतो. जागा ठरवताना सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता छतावर उभे राहून सावल्या पाहाव्यात. पावसाळ्यात पाहणी केली असेल तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो हे विसरू नये; जी सावली जुलैमध्ये नव्हती ती डिसेंबरमध्ये येते.

धुळीचा त्रास आपल्याकडे मळणीच्या दिवसांत, कच्च्या रस्त्याकडेच्या घरांना आणि गुऱ्हाळाच्या किंवा वीटभट्टीच्या आसपास जास्त होतो. पाऊस नसताना दर पंधरा दिवसांनी पहाटे किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पॅनेल धुवावीत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर धुतल्यावर लगेच पुसून घ्यावे, नाहीतर पांढरे डाग बसतात.

किनारपट्टीच्या बांधवांनी सांगाड्यात काटकसर करू नये. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही दोन वादळे आठवावीत. सांगाडा स्लॅबला पक्का बांधलेला आणि जस्ताचा जाड थर दिलेला असावा. वीजरोधक आणि स्वतंत्र अर्थिंग सगळीकडेच हवे.

वीज गेली की सोलरही बंद

ही गोष्ट बसवल्यावर कळली की लोक चिडतात, म्हणून आधीच सांगते. तारेला जोडलेला साधा सौर संच बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. भर दुपारी ऊन असले तरी तेवढा वेळ उत्पादन शून्य. भारनियमनात दिवे हवे असतील तर बॅटरीवर चालणारा संच घ्यावा लागतो, तो महाग पडतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते.

म्हणून मळ्यात वस्तीवर राहणाऱ्यांनी आपले घर गावठाण वाहिनीवर आहे की कृषी वाहिनीवर, हे पाहावे. दिवसा सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळात वीज किती तास असते ते पंधरा दिवस वहीत लिहा. निम्मा दिवस वीज नसेल तर १,४०० युनिटचा हिशेबही निम्म्यावर आणावा लागेल.

दुसरी अडचण वाहिनीच्या टोकाच्या घरांना येते. दुपारी दाब फार वाढला किंवा फार कमी झाला तर इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा दिवसाचा आकडा पाहण्याची सवय ठेवावी. लख्ख ऊन असताना १ किलोवॉटमागे ४ युनिटच्या जागी दोनच दिसू लागले तर धूळ, सावली किंवा दाब यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजावे आणि दाबाची तक्रार लेखी द्यावी.

शेतीपंपाची वीज वेगळी

घराच्या छतावरचे शिल्लक युनिट शेतीपंपाच्या बिलातून वळते होत नाहीत. दोन्ही जोडण्या आणि दोन्ही दर वेगळे. शिवाय २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासन भरते, तेव्हा तेथे वाचवायलाही काही उरत नाही. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेतील पंप तारेला जोडलेला नसतो, म्हणून त्याची वीज विकता येत नाही.

उन्हातून रोख उत्पन्नच हवे असेल तर त्याचा रस्ता घराच्या छतावरून जात नाही. वीज उपकेंद्राजवळ पडीक जमीन असल्यास मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये ती भाड्याने देता येते. २०२३ मध्ये ठरलेल्या धोरणाप्रमाणे भाडे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये असून त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधी बोलू.

सही करण्यापूर्वी

१. वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. वारलेल्या वडिलांच्या नावाचे बिल असेल तर आधी नाव बदलून घ्या, मगच अर्ज करा.

२. राष्ट्रीय पोर्टलवर नोंद असलेल्याच पुरवठादाराकडून काम घ्या. निदान तीन जणांकडून लेखी दरपत्रके मागवा.

३. अनुदानासाठी सौर सेल आणि पॅनेल भारतीय बनावटीची असावी लागतात. तसे दरपत्रकात लिहून घ्या.

४. पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडेच असल्याचा करार हवा. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते; इन्व्हर्टरची कमी असते, ती किती ते वेगळे विचारा.

५. अनुदान संच चालू झाल्यावर आपल्या बँक खात्यात येते. तोपर्यंत पैसे उभे करण्याची तयारी ठेवा. संच चालू होऊन नेट मीटर लागेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

६. 'वर्षाला किती युनिट मिळतील आणि ३१ मार्चला किती उरतील?' हा प्रश्न पुरवठादाराला विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याने तुमच्या घराचा हिशेब केलेला नाही.

बंधू-भगिनींनो, माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही विद्यापीठातले लोक तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो. माझ्या माहेरी मात्र मीच बिले न पाहता संच घेतला. आज घरी गेल्यावर बाकी काही केले नाही तरी चालेल, पण मागच्या १२ महिन्यांची वीजबिले एका पिशवीत गोळा करून ठेवा. तेच तुमच्या छताचे माती परीक्षण आहे. मग पुरवठादार दारात आला की त्याला किती किलोवॉट पाहिजेत ते तुम्ही सांगाल.

कोणी आपली बिले बरोबर आणली असतील तर चहानंतर बसू आणि बेरीज करू.